अंदाजपत्रक, तिसरी दुरुस्ती

नदाफमामा पाणी बघून वेळ सांगतात.
साडेपाचला धार बारीक, नुसती तालमींची;
खडीच्या टाकीत तळाला
आखाड्याची तांबडी माती बसते, हळद-ताकासकट.
सातनंतर साबण.
साडेनऊला मिसळीच्या कटाचा तवंग,
"आलं बघा गाव नाष्टा करून."
रंगपंचमीला दुपारी दोनच्या पुढं
सगळं जांभळं, आणि मामा कठड्यावर टेकून
वर्षातनं एकदा रंग खेळलेले.

मी हे सगळं लिहिलं एका ओळीत:
आवक सांडपाणी, दैनिक, दशलक्ष लिटर.

तिसऱ्या टाकीचा गिअरबॉक्स चालू स्थितीत आहे,
म्हणजे मामा लाकडी दांडक्यानं ठोकतात
तेव्हा चालू स्थितीत असतो.
दोन ब्लोअर आहेत. त्यातला एक
दुसऱ्याला सुटे भाग पुरवतो.
महापुरात पाणी पॅनेलवर कुठवर चढलं
त्याची भिंतीवर पेन्सिलीनं रेघ.
तारीख नाही. फक्त लिहिलंय, "इथं".

नवं पॅनेल त्या "इथं"च्या वर सव्वा मीटर:
बाब क्रमांक सतरा.
पहिली कात्री बाब सतरावर.

स्थायी समितीत चहा आला, मग माझा विषय.
इंगवले म्हणाले, "सगळं पटलं, साहेब.
पण ह्यात फीत कुठं बांधायची?"
सगळे हसले. मीही हसलो,
आणि तेच हसू तोंडावर ठेवून
पुढची चार पानं वाचून दाखवली.
बाग दिसते. कारंजं तर रात्रीही दिसतं.
हे म्हणजे नाकाला रुमाल लावून
कोण येणार, आणि कोणाचा फोटो?

केंद्राचा वाटा इतका, राज्याचा इतका,
उरलेला महापालिकेचा.
"उरलेला महापालिकेचा"
ही ओळ मी बारा वर्षं टाइप करतोय.
घरफाळा वाढवू म्हटलं
की सभागृह खिडकीबाहेर बघतं.
कर्जरोखे काढू म्हटलं
की लेखा विभागाच्या कुंभोजकरबाई
चष्मा काढून पुसतात. बराच वेळ.
"कर्ज मिळेल हो," त्या म्हणाल्या,
"पण वीजबिल कोण भरणार, वीस वर्षं?"
हा प्रश्न खरा होता. माझ्या परिशिष्टात नव्हता.

मागच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या.
अक्काताई मगदूम, शिरोळकडच्या कुठल्या गावच्या सरपंच.
बोलावलं कुणीच नव्हतं.
उभ्या राहिल्या, पदर खांद्यावर घेतला.
"तुमचा हिस्सा तुमच्याकडं न्हाई म्हणताय.
मग नदीनं रोज आमच्या दारात येतोय
त्यो कुणाचा?"

पंख्याचा आवाज आला.
इतिवृत्तात नोंद आहे: चर्चा झाली.
विषय पुढील सभेपुढे.
सुधारित अंदाजपत्रक सादर करणे.

सकाळी केंद्रावर गेलो.
गाळ वाळवायच्या वाफ्यात
टोमॅटो उगवलेत. कुणी लावलेले नाहीत.
हॉटेलांतनं, घराघरांतनं बिया आल्या,
पाईप, पंप, चाळणी, टाकी,
सगळं सोसून इथं पोचल्या आणि धरल्या.
मामा खात नाहीत, कुणाला देत नाहीत,
पण प्रत्येक रोपाला तारेचा आधार दिलाय,
जुन्या ब्लोअरची तार.

कठड्यावर कागद पसरून
मी बाब सतरा परत घातली.
दर आता आठ टक्के जास्त.
वीजबिलासाठी एक पान नवं, सध्या कोरं.
कुंभोजकरबाईंना फोन करायचा, अकरा वाजता.

"किती वाजले, मामा?"
त्यांनी पाण्याकडं बघितलं. "पावणेआठ झालं असंल."
माझ्या मोबाईलवर सात सेहेचाळीस.

मग तिसरी टाकी थांबली,
आणि ते दांडकं घेऊन उठले.